हिज्कीया राजाचे गळू आणि आमच्या मंडळ्यांतील जखमा

वाचावयाचा शास्त्रभाग : २ राजे २०:१-११, लूक १०:२५-३७.

यहूदाचा राजा हिज्कीया मरणोन्मुख होऊन अंथरुणास खिळला, तेव्हा त्यास रोग कोणता झाला होता हे पुष्कळ वाचकांच्या ध्यानात राहत नाही. राजाची प्रार्थना ध्यानात राहते, आयुष्यात पडलेली १५ वर्षांची भर ध्यानात राहते, छाया मागे सरल्याचे तर मुलेही सांगतात. परंतु तो रोग म्हणजे एक गळू होते, आणि यशया संदेष्ट्याने त्यावर अंजिरांचे पोटीस बांधविले, ही गोष्ट एका वचनात येऊन जाते. तेवढे वचन आम्ही या धड्याकरिता घेतले आहे.

यात विचार करण्याजोगी गोष्ट ही की, राजा बरा होईल असे देवाचे अभिवचन अगोदरच मिळाले होते, व तरीही पोटीस बांधण्यात आले. ज्या संदेष्ट्याने देवाचा निरोप आणला, त्यानेच औषधही सांगितले. आमच्यातील कित्येक भाविक बंधू औषध घेणे म्हणजे विश्वास उणा पडणे असे समजतात. त्यांनी हे वचन पुन्हा एकदा सावकाश वाचावे.

वसमतच्या बाजूस हा विषय केवळ शास्त्राभ्यासाचा नाही. हळद व ऊस ही येथील मुख्य पिके. उसाचे पाचट करवतीसारखे कातडी कापते. पाणी देताना पाय तासन् तास चिखलात राहतात. हळद काढताना कुदळीचा घाव लागतो, आणि ती शिजविताना वाफेने व उकळत्या पाण्याने हात पोळतात. यांपैकी एकही इजा मनुष्य कोणाला सांगत बसत नाही. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या तर तो हसून सोडून देतो. आणि बहुधा तेथूनच विकार आत शिरतो.

देवाने आपल्या देहास कातडीचा कोट घातला आहे. तिच्यावर सूक्ष्म जंतू सदैव वस्ती करून असतात, परंतु कोट अभंग आहे तोवर ते अपाय करीत नाहीत. स्कॉटलंडातील आबर्डीन शहरी अलेक्झांडर ऑग्स्टन नावाच्या शस्त्रवैद्याने १८८० च्या सुमारास गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यास द्राक्षांच्या घोसाप्रमाणे एकत्र राहणारे जंतू दिसले. घोसाच्या ग्रीक शब्दावरून त्याने १८८२ साली त्यांस स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. दुसरी एक जात मण्यांच्या माळेसारखी असते. तिला स्ट्रेप्टोकॉकस म्हणतात. कातडीचे व तिच्याखालील मांसाचे बहुतेक विकार या दोहोंपासून होतात. नजर लागणे, पूर्वजांचा कोप, किंवा अमक्याने केलेली करणी, ही कारणे आमच्या ख्रिस्ती घरांतूनही अजून ऐकू येतात, याचे आम्हांस दुःख वाटते.

घोसवाले जंतू बहुधा एका जागी ठाण मांडतात. त्यातून केसतूड, गळू, नखुरडे, आणि अनेक तोंडांची काळपुळी उत्पन्न होते. माळवाले जंतू पुष्कळदा पसरत जातात; कातडी लाल व गरम होते, सूज चढते, थंडी वाजून ताप येतो, जांघेत अवधाण येते. आपल्याकडील जुनी माणसे यास धावरे म्हणत, आणि हे नाव फार यथार्थ आहे, कारण तो विकार धावतो.

दोहोंचा उपचार सारखा नाही. लहान गळवास स्वच्छ फडके कढत पाण्यात भिजवून, पिळून, दिवसातून तीन चार वेळा शेकावे. कातडी भाजू देऊ नये. उष्णतेने रक्त त्या जागी येते व गळू पिकते. अंजिरांच्या पोटिसाचाही गुण बहुधा हाच असावा. पिळून मात्र काढू नये, विशेषतः नाकावरचे व वरच्या ओठावरचे, कारण तेथून विष मेंदूकडे जाण्याचा मार्ग आहे. गळू मोठे असले तर डॉक्टराने निर्जंतुक शस्त्राने फोडून पू वाहू देणे हाच मुख्य उपाय होय; साठलेल्या पुवापर्यंत गोळ्यांचे औषध नीट पोहोचत नाही. घरातील सुई, बाभळीचा काटा किंवा न्हाव्याचा वस्तरा याकरिता वापरू नये. धावऱ्यास मात्र जंतुनाशक गोळ्या किंवा इंजेक्शन हेच औषध. तो पाय उशीवर उंच ठेवावा, आणि लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवावी, म्हणजे विकार रेघेबाहेर गेला की नाही हे डॉक्टरास कळते.

औषध डॉक्टराने सांगितले तितके दिवस पुरे घ्यावे. १९४१ साली ऑक्सफर्ड येथे एका शिपायास असाच जंतुविकार होऊन तोंडावर व डोक्यात पू झाला होता. पेनिसिलीन तेव्हा नवे होते. ते देताच तो चार पाच दिवसांत सुधारू लागला. परंतु औषधाचा साठा संपला. त्याच्या लघवीतून ते परत काढून दिले, तेही पुरले नाही, आणि मार्च महिन्यात तो वारला. त्या औषधाचा कारखाना १९५४ साली आपल्या पिंपरीस निघाला, आणि आता अशी औषधे तालुक्याच्या गावी मिळतात. तरी ताप उतरला की उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यास देणारे लोक आम्ही पाहतो. अर्ध्या औषधाने विकार उलटतो. सर्दीपडशावर उगाच गोळ्या खाल्ल्याने जंतू निर्ढावतात, आणि ज्यांवर नेहमीची औषधे चालत नाहीत असे घोसवाले जंतू आता आपल्या देशात पुष्कळ आढळतात. तसेच, नायट्याकरिता दुकानदाराने दिलेले स्टिरॉइडचे मलम आठ दिवस बरे वाटविते आणि मग नायटा अंगभर पसरविते.

आता हळदीविषयी. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आमच्या लोकांस तिचा अभिमान आहे. जखमेवर हळद लावण्याचा आपला प्रघात इतका जुना की, १९९५ साली अमेरिकेत त्यावर पेटंट देण्यात आले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे मांडून १९९७ साली ते रद्द करविले. हळदीतील द्रव्य प्रयोगशाळेत काही जंतूंस आवरते, हे खरे. परंतु हळकुंड मातीतून येते, अंगणात वाळते, आणि दळलेल्या पुडीत धूळ असते. खोल जखमेत ती भरली म्हणजे जखम वरून झाकते आणि आत कुजते. शेण, चुना, तंबाखू व राख यांविषयी तर बोलावयासच नको; शेणामातीत धनुर्वाताचे बीज असते. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, स्वच्छ फडक्याने बांधावी, धनुर्वाताची लस घ्यावी.

आमच्या माहितीतील एका मजूर बहिणीच्या तळपायात काटा मोडला. दुखत नव्हते म्हणून तिने हळद व चुना बांधून अकरा दिवस काम केले. तिला मधुमेह आहे हे कोणासच ठाऊक नव्हते. पाय काळा पडून वास येऊ लागला तेव्हा तिला नांदेडास नेले. जीव वाचला, पाय घोट्याच्या वर कापावा लागला. तिच्याकरिता मंडळीने रोज प्रार्थना केली होती. पण फडके सोडून पाहिले कोणी नव्हते.

दुखत नव्हते, हीच तेथे मोठी खूण होती. मधुमेहाने पायाची जाणीव जाते, कुष्ठरोगानेही जाते. कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे दाखवून दिले की, कुष्ठरोग्याची बोटे त्या रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना नसल्यामुळे लागलेले, भाजलेले कळत नाही, आणि पुढे जखम चिघळून बोटे जातात. यास्तव ज्यास मधुमेह आहे त्याने रोज रात्री पाय धुऊन, बेचक्या कोरड्या करून, तळवे दुसऱ्याकडून पाहवून घ्यावेत. शिष्यांचे पाय प्रभूने धुतले. घरातल्या म्हाताऱ्याचे तळवे दिव्याशी धरून पाहण्यात कोणास कमीपणा वाटू नये. ज्यास वारंवार गळवे होतात त्याने रक्तातील साखर तपासून घ्यावी.

पुढील खुणा दिसल्या तर प्रार्थनासभेची वाट पाहू नये : लाली तासातासाने वाढणे, वरून थोडे दिसत असता वेदना असह्य होणे, कातडी काळीनिळी पडणे वा तीवर फोड येणे, दाबल्यास आत कुरकुरणे, ताप येऊन मनुष्य भ्रमिष्ट बोलणे. यात मांस आतून सडत असते, आणि ते शस्त्राने काढावे लागते. त्याच दिवशी, रात्र असली तरी, १०८ ची गाडी बोलवावी.

शोमरोनी मनुष्याने तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने त्या मनुष्यास जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, पैसे दिले, आणि परत येण्याचे कबूल केले. आमच्या मंडळ्यांत तेल ओतणारे पुष्कळ आहेत. वाहन करून नेणारे व चौथ्या दिवशी पुन्हा विचारावयास जाणारे थोडे. उपदेशक बंधूंनी प्रार्थनामंदिरात साबण, स्वच्छ गॉझ, पट्ट्या व एक पेन यांची पेटी ठेवावी, आणि उपासनेनंतर ज्याच्या हातापायास फडके बांधलेले दिसेल त्यास थांबवून ते सोडावयास सांगावे.