पगारदाराचे घर आणि नोकरीची वर्षे

पुण्यात पगारावर घर घेणे आधीच्या दोन पिढ्यांपेक्षा अवघड झाले आहे का, या प्रश्नाचे उत्तर बहुधा चौरस फुटाच्या दरात शोधले जाते. परंतु जुने आणि नवे दर शेजारी मांडून हळहळण्याने फारसे काही हाती लागत नाही, कारण त्या काळचे पगारही तसेच लहान होते. खरा फरक दिसतो तो एका घरासाठी नोकरीची किती वर्षे, आणि आयुष्यातील कोणती वर्षे, बांधली जातात हे तपासल्यावर.

पेठांतील वाड्यांत दोन खोल्यांचे बिऱ्हाड थाटणाऱ्या पिढीला स्वतःच्या घराची घाई नव्हती, याचे मोठे श्रेय १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याला जाते. या कायद्याने ‘प्रमाण भाडे’, म्हणजे मालकाला मनाला येईल तसे वाढवता न येणारे भाडे, ठरवून दिले आणि भाडेकरूला सहजासहजी घराबाहेर काढता येणार नाही अशी हमी दिली. त्या हमीची किंमतही पुण्याने मोजली, कारण भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघत नसल्याने मालकांनी वाड्यांकडे पाठ फिरवली, सामाईक संडास आणि चौकातला एक नळ यांवर कुटुंबांच्या पिढ्या निघाल्या, आणि मोडकळीला आलेल्या वाड्यांच्या भिंती आजही पावसाळ्यात पडतात. तेव्हा जुन्या काळाला सुखाचा काळ म्हणणे सत्याला धरून होणार नाही. मात्र भाड्याने राहूनही माणूस निर्धास्त असे, एवढे निश्चित. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, तेव्हा निराश्रितांसाठी शासनाने गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती आणि सोसायट्या उभ्या केल्या, म्हणजे संकटकाळी का होईना, जमिनीचा भार सार्वजनिक यंत्रणेने उचलला.

प्रस्तुत लेखकाच्या घरातील मधल्या पिढीने सहकाराच्या वाटेने घर केले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. त्याखाली एकाच कचेरीतले किंवा एकाच ओळखीतले पंधरा-वीस जण सोसायटी नोंदवत, मिळून जमीन घेत, आणि भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, विम्याचे पैसे, प्रसंगी घरातले सोने अशी पुंजी लावून मजला-मजला बांधकाम चढवीत. एचडीएफसीसारखी केवळ गृहकर्ज देणारी संस्था स्थापन झाली ती १९७७ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या सामान्य पगारदाराला मोठे कर्ज मिळण्याची सोयच फारशी नव्हती. घर होई ते चाळिशी-पन्नाशीत, पुष्कळदा निवृत्तीच्या तोंडावर, आणि होई ते कमावून साठवलेल्या पैशांतून. आजचे घर तिशीत होते, पण अजून न कमावलेल्या पैशांतून. दोन पिढ्यांतला सर्वांत खोल भेद हा आहे, आणि त्याची चर्चा अपुरी होते.

आजच्या भाडेकरूच्या हाती असतो तो ११ महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार, ज्यात राहण्याची परवानगी मिळते, भाडेकरूचा हक्क नव्हे. दर वर्षी भाडेवाढ, सामानाची हलवाहलव आणि मुलांच्या शाळेची चिंता यांनी मेटाकुटीला आलेले कुटुंब घर घेण्याकडे ओढले जाते, आणि येथेच हिशेब चुकण्याची शक्यता सर्वाधिक असते. उदाहरणादाखल ६० लाखांची, बांधकाम चालू असलेली सदनिका घेतली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तिच्यावर जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४८ लाख कर्ज मिळते. उरलेल्या १२ लाखांवर ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार आणि ५ टक्के जीएसटीचे ३ लाख चढतात. म्हणजे पार्किंग आणि फर्निचर धरण्याआधीच साडेएकोणीस लाख रुपये पदरचे लागतात. (घर पत्नीच्या एकटीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते.) पदरची ही रक्कम बहुतेक घरांत आईवडिलांच्या निवृत्तीच्या पुंजीतून येते, म्हणजे एका घरापायी दोन पिढ्यांची मिळकत अडकते.

लेखकाच्याच कुटुंबातील एका तरुण जोडप्याने २०२१ मध्ये असेच ४८ लाखांचे कर्ज ७ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले. हप्ता ३७,२१४ रुपयांचा होता आणि दोघांच्या पगारात तो सहज बसत होता. दर रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने उसने देते त्या दराशी, जोडलेला होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि कर्जाचा दर साडेनऊ टक्के झाला. बँकेने हप्ता तोच ठेवला, त्यामुळे घरात कोणालाच काही जाणवले नाही. खात्याचा उतारा काढला तेव्हा उलगडा झाला: वर्षभर हप्ते भरून मुद्दल ४६ लाख ८६ हजारांवर आले होते, आणि त्यावर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचे व्याजच सुमारे ३७,१०० रुपये होत होते. हप्त्यातले जेमतेम सव्वाशे रुपये मुद्दलात जात होते आणि कर्जाची मुदत निवृत्तीच्या वयापलीकडे सरकली होती. मूळ मुदतीत कर्ज फेडायचे तर हप्ता साडेचव्वेचाळीस हजारांवर नेणे भाग होते. २०२५ मध्ये दर पुन्हा उतरले, पण मधल्या काळात भरलेले व्याज परत येत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्देश दिले की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडे थोडे, हे निवडण्याची मुभा कर्जदाराला द्यावी. ही मुभा वापरावी आणि झेपेल तेवढा हप्ताच वाढवून घ्यावा. शक्यतो हप्ता एकाच्या पगारात बसावा, कारण बाळंतपण, आजारपण किंवा आयटीतली नोकरकपात यांपैकी काहीही आले तरी पहिला घाव दुसऱ्या पगारावर पडतो.

उपनगरांतील स्वस्त घराचा हिशेबही पूर्ण करावा. वाघोली, उंड्री, पिसोळी यांसारख्या भागांत टँकरचे पाणी हा सोसायटीचा कायमचा खर्च होऊन बसलेला आढळतो, म्हणून ज्या इमारतीत घर घ्यायचे तिच्या आसपासच्या सोसायट्यांची उन्हाळ्यातली टँकरची बिले पाहिल्याखेरीज दर ठरवू नये. किंमत चटई क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर, काढावी. तयार घर असेल तर इमारत मंजुरीप्रमाणे बांधली असून राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, म्हणजे भोगवटा पत्र, पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि चालू बांधकामात नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन, कायद्याने मनाई केली आहे, हे बुकिंगच्या टेबलावर विसरू नये.

भाडे म्हणजे वाया गेलेला पैसा, हे ऐकून घाबरून जाऊ नये. सुरुवातीच्या वर्षांतल्या हप्त्याचा मोठा भागही व्याजातच जातो. सही करण्यापूर्वी बँकेकडून एक तक्ता लेखी मागून घ्यावा, ज्यात दर अडीच टक्क्यांनी वाढल्यास हप्ता किती होईल आणि शेवटचा हप्ता कर्जदाराच्या वयाच्या कितव्या वर्षी पडेल हे स्पष्ट असेल. ते वय साठीच्या पुढे जात असेल, तर ते घर त्या कुटुंबाला आज परवडणारे नाही.