पहिल्या पावसाचं पाणी : कारखान्याच्या आवारातून वाहणारं पाणी कसं तपासतात?



परिसर अभ्यासात 'पाणी' शिकवताना आपण जलचक्र, पाणी वाचवा, नदी स्वच्छ ठेवा एवढं सगळं घेतो. पण पाऊस पडून गेल्यावर रस्त्यावरून, छपरावरून, कारखान्याच्या अंगणातून जे पाणी गटारात जातं, त्याबद्दल सहसा बोलत नाही. आमची शाळा अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला आहे. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे पालक एमआयडीसीत किंवा साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. त्यामुळे हा विषय आमच्यासाठी पुस्तकातला नाही, दारातला आहे. पाचवी ते सातवीच्या वर्गात दोन-तीन तासिकांमध्ये हा पाठ घेता येतो.

आधी माझी चूक सांगते

मागच्या वर्षी जुलैमध्ये, सलग तीन दिवस पाऊस पडल्यावर, मी शाळेच्या फाटकाजवळून वाहणारं पाणी बाटलीत भरून वर्गात आणलं. पाणी जवळपास स्वच्छ होतं. मुलांनी वहीत लिहिलं, "आपल्या शाळेचं आवार स्वच्छ आहे." मीही बरोबरची खूण केली.

यंदा जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीला त्याच जागी, तशीच बाटली भरली. पाणी चहासारखं होतं, तळाशी बोटभर गाळ बसला आणि वर तेलाचा रंगीत पापुद्रा आला. फाटकाशी स्कूटर आणि शाळेच्या व्हॅन उभ्या राहतात, त्यांचं तेल होतं ते. जागा तीच, बाटली तीच, वेळ तेवढी वेगळी. म्हणजे मागच्या वर्षी मी मुलांना चुकीचं शिकवलं होतं. ही चूक फक्त माझ्यासारख्या शिक्षिकेकडून होते असं नाही. नमुना कधी घेतला हे न विचारता कोणताही अहवाल वाचला की तीच चूक होते.

पहिलं पाणी जास्त घाण का असतं?

मुलांना हे स्वयंपाकघरातून पटकन समजतं. तांदूळ धुताना पहिलं पाणी सगळ्यात गढूळ निघतं, तिसरं-चौथं नितळ निघतं. मुंबईत ऑक्टोबरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत जवळपास आठ महिने पाऊस नसतो. तेवढ्या काळात पत्र्यावर, काँक्रीटवर, ट्रक उभे राहतात त्या जागेवर धूळ, तेल, टायरची झीज, धातूचा कीस आणि सांडलेली पावडर साठत जाते. जूनमधली पहिली मोठी सर ते सगळं एकदम धुऊन नेते.

कारखान्याच्या आवारातून येणाऱ्या पाण्यात साधारण काय काय असतं?

- माती आणि बारीक कण : यामुळे पाणी गढूळ होतं
- वंगणतेल, डिझेल : वाहनं, यंत्रं, उघड्यावरची पिंपं
- जस्त : गॅल्व्हनाइज्ड पत्रे, टायर
- तांबं : वाहनांच्या ब्रेकची झीज, धातूकाम
- आम्ल किंवा अल्कली : धुलाई आणि प्लेटिंगची रसायनं सांडली तर

हे पाणी जातं कुठे?

विहार आणि पवई तलावांचं सांडव्याचं पाणी एकत्र येऊन मिठी नदी होते. सुमारे 18 किलोमीटरच्या वाटेत ती सीप्झ, मरोळ, साकीनाका, विमानतळाची धावपट्टी, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल असं करत माहीमच्या खाडीला मिळते. ती निघते कुठून बघा : विहार तलाव 1860 मध्ये बांधून झाला, मुंबईला नळाचं पहिलं पाणी त्यानेच दिलं, आणि आजही तिथलं पाणी पिण्यासाठी वापरतात. तिथपासून मरोळ फार लांब नाही. एवढ्या अंतरात पाण्याचं काय होतं, हा मुलांसमोर ठेवण्यासारखा प्रश्न आहे.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठीचा पूर आला आणि त्यानंतर तिच्यासाठी वेगळं प्राधिकरण नेमलं गेलं. तेव्हापासून पाऊस आला की आपण सगळे एकच विचारतो : पाणी किती भरलं? पाणी कसलं होतं, हा प्रश्न मागेच पडला.

तपासणी कशी होते?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना 1970 ची. पाण्याच्या प्रदूषणाचा केंद्रीय कायदा 1974 चा. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी देशभर ठरवलेल्या सर्वसाधारण मर्यादा अशा आहेत :

- सामू (पीएच) : 5.5 ते 9.0
- तरंगणारे घन कण : प्रति लिटर 100 मिलिग्रॅमपर्यंत
- तेल व ग्रीस : प्रति लिटर 10 मिलिग्रॅमपर्यंत
- बीओडी : प्रति लिटर 30 मिलिग्रॅमपर्यंत (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो, त्याचं माप)
- सीओडी : प्रति लिटर 250 मिलिग्रॅमपर्यंत (हेच माप, पण रसायनाने काढलेलं)

आता अडचण कुठे येते ते बघा. 2014 मध्ये केंद्रीय मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या 17 प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रं बसवायला सांगितलं. ती बसतात सांडपाणी शुद्ध होऊन बाहेर पडतं त्या नळावर. अंगणातलं पावसाचं पाणी मात्र वेगळ्या गटाराने, शुद्धीकरण न होता, सरळ नाल्यात जातं. यंत्र एका दाराशी राखण करतं आणि पाणी दुसऱ्या दाराने निघून जातं.

दुसरी अडचण जागेची. मिठीचं पाणी माहीमच्या पुलाजवळ तपासलं जातं. तिथे पोहोचेपर्यंत त्यात वस्त्यांचं सांडपाणी, रस्त्यांचं पाणी, शेकडो छोट्यामोठ्या कामाच्या जागांचं पाणी मिसळलेलं असतं, शिवाय भरतीचं खारं पाणीही येतं. नदी आजारी आहे हे तिथे कळतं. कुणामुळे, हे कळत नाही. त्यासाठी प्रत्येक मोठ्या आवाराच्या फाटकाशी, पाणी बाहेर पडतं त्याच तोंडावर नमुना घ्यायला हवा.

अमेरिकेत कारखाने, विमानतळ, जहाजबांधणीच्या गोद्या, भंगारवाडे यांच्या पावसाच्या पाण्यासाठी परवाना लागतो. आधीचे 72 तास कोरडे गेलेले असावेत आणि पाणी वाहू लागल्यापासून पहिल्या 30 मिनिटांत नमुना घ्यावा, असा त्या परवान्याचा साधारण नियम आहे. शिवाय दर तीन महिन्यांनी पारदर्शक बाटलीत पाणी भरून नुसत्या डोळ्यांनी आणि नाकाने तपासायचं : रंग, वास, गढूळपणा, तरंगणारा कचरा, गाळ, फेस, तेलाचा पापुद्रा. मी हे वाचलं तेव्हा वाटलं, अरे, हे तर आमची पाचवीची मुलंसुद्धा करू शकतात!

वर्गातली कृती : आपली शाळा हेच आवार

*साहित्य :* चार पारदर्शक बाटल्या, घड्याळ, पीएच पट्ट्या (नसतील तर जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क), पांढरा कागद, हातमोजे.

*महत्त्वाची सूचना :* मुलांना नाल्यावर अजिबात नेऊ नका. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. पाणी शाळेच्या आवारातलंच घ्या, हातमोजे घालून शिक्षकांनीच भरा. मुलांनी बंद बाटली बघायची. वास आणि पीएच शिक्षकांनी बघून सांगायचा. नंतर हात साबणाने धुवायचे.

1. बरेच कोरडे दिवस गेल्यावरची सर निवडा. पाणी वाहू लागल्यावर 5, 15, 30 आणि 60 मिनिटांनी एकेक बाटली भरा. प्रत्येकीवर वेळ लिहा.
2. बाटलीमागे छापील अक्षरं धरा. कोणत्या बाटलीतून वाचता येतात?
3. अर्धा तास हलवू नका. तळाशी किती गाळ बसला ते पट्टीने मोजा.
4. पृष्ठभागावर रंगीत पापुद्रा आहे का? असल्यास शिक्षकांनी काडीने छेडून बघा. तुकडे होऊन वेगळे राहिले तर तो जिवाणूंचा असू शकतो. पुन्हा जुळून आला तर तेल.
5. पीएच बघा. जास्वंदीचा अर्क आम्लात गुलाबी-लाल आणि अल्कलीत हिरवट होतो.

*गणिताची जोड :* एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. मग एक हेक्टर काँक्रीटवर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर? 1 लाख लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे दहा टँकर. त्यात तेल मर्यादेइतकंच, लिटरला 10 मिलिग्रॅम असेल, तर एकूण 1 किलो तेल नाल्यात गेलं. तेही एका सरीत! आमचा वर्ग हे उत्तर आल्यावर गप्प झाला होता.

एका मुलाचा प्रश्न

पाठ संपल्यावर एक मुलगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, माझे बाबा वर्कशॉपमध्ये आहेत. हे मोजलं तर वर्कशॉप बंद करतील का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. हा पाठ आपण "कारखाने वाईट" या सुरात शिकवला तर अशी मुलं मान खाली घालून बसतील. मी त्याला म्हटलं, "ताप मोजला म्हणून कुणी थर्मामीटरला घाबरतं का? ताप कळला की औषध देता येतं." आणि इथली औषधं महाग नाहीत. तेलाची पिंपं शेडखाली ठेवायची, खाली ट्रे लावायचा, सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाकून तो उचलायचा, मेअखेर अंगण पाणी न मारता कोरडंच झाडायचं, गटाराच्या तोंडाशी तेल अडवणारी टाकी करायची. टाकी सोडली तर यातलं बहुतेक काम त्याच्या बाबांसारखीच माणसं करतात. दुसऱ्या दिवशी तो सांगत आला, "बाबा म्हणाले, आम्ही पिंपांवर ताडपत्री टाकतो, पण खाली काही नसतं." चौकशी घरापर्यंत पोहोचली होती.

स्वाध्याय

1. तुमच्या सोसायटीतलं किंवा चाळीतलं पावसाचं पाणी कोणत्या गटारात जातं? बाजूला उभं राहून बघा आणि नकाशा काढा.
2. 'आमच्या इथलं पाणी स्वच्छ आहे' असं कुणी म्हटलं तर कोणते तीन प्रश्न विचाराल? (सूचना : कधी? कुठे? काय मोजलं?)
3. पहिल्या पावसाआधी घरच्यांनी आणि शाळेने काय करावं, प्रत्येकी दोन गोष्टी लिहा.

पालकहो, पुढच्या जूनमध्ये पहिली सर आली की मुलांना खिडकीतून पाऊस दाखवालच. तेव्हा दोन मिनिटं गटाराकडे वाहणारं पाणीही दाखवा. आणि शिक्षक मित्रांनो, तुमच्या चार बाटल्यांमध्ये काय दिसलं ते मला नक्की कळवा. माझ्या मागच्या वर्षीच्या वहीतली ती बरोबरची खूण मी खोडली आहे, तारीख आणि वेळ मात्र तिथे आता लिहून ठेवली आहे.