बागेचे फाटक

सायंकाळी पाचच्या सुमारास मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर जावे. एकाच वेळी क्रिकेटचे दहा-बारा डाव रंगलेले असतात आणि एका संघाचा चेंडू दुसऱ्याच संघाचा खेळाडू अडवून परत फेकत असतो. भोवतालच्या बुटक्या कट्ट्यावर निवृत्त गृहस्थ, पुस्तके घेऊन आलेले विद्यार्थी, कामावरून परतताना क्षणभर टेकलेल्या स्त्रिया असे सारे बसलेले दिसतात. सुमारे २८ एकरांचे हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. तेव्हा त्याला माहीम पार्क म्हणत. १९२७ मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. खरे पाहता तेथे हिरवळ फारशी नाही. उन्हाळ्यात धूळच अधिक उडते. परंतु त्या कट्ट्यावर बसायला तिकीट लागत नाही आणि कोणी ‘तू कोण?’ असेही विचारीत नाही.

शहराला मोकळी जागा का लागते, हे सांगणे अवघड नाही. झाडांच्या पानांतून पाण्याची वाफ होते आणि भोवतालची हवा थंड राहते. सिमेंटवर पडलेले पावसाचे पाणी गटारात धावते. मातीवर पडलेले मुरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी वस्त्यांत शिरली, तेव्हा पाण्याला पसरायला जागा उरलेली नाही, हे मुंबईकरांना फार महाग पडून कळले. याच नदीच्या काठी, धारावीलगत, पूर्वी शहराचा कचरा टाकीत. त्या जागी झाडे लावून सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले व १९९४ साली ते लोकांसाठी उघडले. कचऱ्याच्या ढिगावरही रान वाढू शकते, याचा हा चालताबोलता पुरावा आहे.

किती जागा असावी, याचेही गणित आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दरमाणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचविली आहे. पण सरासरी फसवी असते. मुंबई-ठाण्याच्या कुशीत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०० चौरस किलोमीटरांहून अधिक पसरले आहे. ते हिशेबात धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला बरीच हिरवळ येते. मात्र दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला संध्याकाळी खेळायला तेथे जाता येत नाही. त्याला पायी दहा मिनिटांवर मैदान हवे.

आणि हिरवळ सर्वांनाच सुख देते, असेही नाही. दिल्लीची लोदी बाग आज सर्वांना विनामूल्य खुली आहे, तिच्या सौंदर्याविषयी वाद नाही. तथापि १९३६ मध्ये ती आकाराला आली, ती तेथील जुन्या कबरींभोवती वसलेले खैरपूर गाव उठवून. बाग पाहणाऱ्यांपैकी किती जणांना ते गाव ठाऊक असेल?

अंतराचा प्रश्न सुटला, तरी फाटकाचा उरतो. गुरे शिरू नयेत म्हणून बसविलेल्या फिरत्या फाटकातून चाकाची खुर्ची जात नाही. दिवे आणि स्वच्छतागृह नसलेल्या बागेत स्त्रिया अंधार पडण्यापूर्वीच उठतात. पुष्कळ शहरांत बागा सकाळी व सायंकाळी उघडतात आणि दुपारी बंद असतात. देखभालीला वेळ हवा, हे कारण खोटे नव्हे. परंतु घरकाम करणाऱ्या बाईला मोकळीक मिळते, ती नेमकी दुपारीच: सकाळची घरे संपलेली, संध्याकाळची अजून बाकी. फाटकाला कुलूप असते. आतल्या झाडाची एखादी फांदी कुंपणाबाहेर आलेली असली, तर तिच्या सावलीत, पदपथावर बसून, ती आपला डबा उघडते.