भ्रमणध्वनीवरील द्यूत : एक व्याधी आणि तिचा उपचार

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त ‘अक्षसूक्त’ या नावाने प्रसिद्ध आहे. घर सोडून गेलेली पत्नी, मुलाचा ठावठिकाणा न लागल्याने झुरणारी आई आणि ऋणको म्हणून त्याला ओळखही न देणारे आप्त यांचे चित्र त्यात आहे. पुन्हा खेळावयाचे नाही असा निश्चय केलेल्या जुगाऱ्याची पावले फाशांचा आवाज कानी पडताच तिकडे वळतात, हेही त्या सूक्तकाराने टिपून ठेवले आहे. निश्चय असूनही पाऊल वळणे हेच या व्याधीचे मुख्य लक्षण होय.

वैद्यकशास्त्राने मात्र ही अवस्था व्याधी म्हणून बऱ्याच उशिरा मान्य केली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेत तिचा समावेश १९८० मध्ये झाला आणि २०१३ च्या आवृत्तीत तिला मद्य, अफू इत्यादींच्या व्यसनांच्या पंक्तीत बसविण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे रोगवर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यात जुगारविकाराचा ‘प्रामुख्याने ऑनलाइन’ असा वेगळा पोटप्रकारच दिलेला आहे.

गोमंतकाला जुगार अपरिचित नाही. जत्रेतील पट, मटका, १९९२ च्या कायदादुरुस्तीनंतर तारांकित हॉटेलांत आलेली यंत्रे आणि पुढे मांडवीच्या पात्रात उभी राहिलेली कॅसिनोची जहाजे हे सर्व येथे लोकांच्या डोळ्यांसमोर घडले. परंतु या जुन्या प्रकारांना काळाची आणि स्थळाची काही मर्यादा होती. मटक्याचा आकडा लावणाऱ्यास ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ची वाट पाहावी लागे, जत्रा संपली की पट उठे, जहाजावर जाणाऱ्यास निदान कोणीतरी पाहत असे. भ्रमणध्वनीवरील रमी, पैशांच्या पैजा व रंग ओळखण्याचे खेळ यांना अशी कोणतीच मर्यादा नाही. डाव लावणे आणि निकाल लागणे यांत काही क्षणांचेच अंतर असते, आणि अंथरुणात पडल्या पडल्या महिन्याचा पगार संपविता येतो. २०१६ नंतर यूपीआयमुळे पैसे देणे सुलभ झाले ही सोय खरीच. पण नोटा मोजून देताना हात जो क्षणभर अडखळतो, तो येथे अडखळत नाही.

यामागील यंत्रणा मानसशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बक्षीस दर वेळी न देता अनिश्चित अंतराने दिल्यास प्राण्याची कृती अधिक चिवटपणे चालू राहते, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरे व उंदीर यांच्यावरील प्रयोगांतून दाखविले. थोडक्यात हुकलेला डाव ही वस्तुतः हार असते. खेळणाऱ्याच्या मनाला मात्र ती जिंकण्याची पूर्वसूचना वाटते. मेंदूतील डोपामिन या द्रव्याचाही यात वाटा आहे. कंपवाताच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या, डोपामिनसारखे कार्य करणाऱ्या काही औषधांमुळे पूर्वी कधीही पत्ते हाती न धरलेल्या माणसास जुगाराची अनावर ओढ लागल्याचे आढळून आले आहे. असा बदल घरच्यांच्या लक्षात आल्यास औषध परस्पर बंद न करता तत्काळ डॉक्टरांस कळवावे.

व्याधी ओळखावी कशी? किती पैसे गेले यापेक्षा ताबा सुटला आहे काय, हे पाहावे लागते. रकमा वाढत जाणे, खेळ थांबविल्यास चिडचिड व निद्रानाश होणे, गेलेले पैसे परत मिळविण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळणे, घरच्यांशी खोटे बोलणे, उसनवारी करणे ही तिची लक्षणे. यांपैकी हरलेल्या पैशांचा पाठलाग सर्वांत घातक होय. कारण रुग्णाच्या दृष्टीने तो जुगार नसून कर्जफेडीचा एकमेव मार्ग असतो. मद्यप्याच्या तोंडाला वास येतो; येथे तसे काहीच नसल्याने घरच्यांना पहिली वार्ता बहुधा वसुलीच्या दूरध्वनीवरूनच मिळते. तत्काळ कर्ज देणाऱ्या ॲपांनी ही वेळ अधिकच कठीण केली आहे. या व्याधीत आत्महत्येचा धोका मोठा असतो आणि कर्ज उघडकीस येण्याचा काळ विशेष नाजूक असतो. त्या दिवसांत रुग्णास एकटे सोडू नये आणि मरणाचा विचार मनात येतो काय, हे त्याला स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार बळावतो, ही समजूत चुकीची आहे.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत केला व २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळविले जाणारे सर्व ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने निषिद्ध ठरविले. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड यांची तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्यास मात्र या कायद्यात शिक्षा नाही; तेव्हा पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांकडे जाण्याचे टाळणे निष्कारण आहे. तथापि कायद्याने व्याधी बरी होत नाही. ज्याला ओढ लागली आहे तो परदेशातून चालणारी बेकायदा संकेतस्थळे शोधून काढतो, आणि तेथे फसवणूक झाल्यास दाद मागण्याचीही सोय उरत नाही.

उपचारासाठी प्रथम कोठे जावे, हा बहुतेक कुटुंबांपुढील प्रश्न असतो. १४४१६ हा केंद्र शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून त्यावर विनामूल्य सल्ला मिळतो. गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्था (लोकांच्या बोलण्यातील आयपीएचबी) आणि बेळगाव भागातील रुग्णांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळची आहे. बंगळूरच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र चिकित्सालय आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन घातले आहे. नोकरदारांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

केवळ या व्याधीसाठी म्हणून मान्यता पावलेले औषध अद्याप नाही. नाल्ट्रेक्सोनचा काही रुग्णांना उपयोग होतो आणि सोबत नैराश्य किंवा मद्यपान असल्यास त्यांवरही उपचार करावे लागतात. मुख्य भर बोधात्मक वर्तनोपचारावर असतो. ‘इतक्या वेळा हरलो, आता जिंकणारच’ यासारख्या समजुती तपासणे, ओढ कोणत्या वेळी व कोणत्या प्रसंगी उसळते याची नोंद ठेवणे आणि त्या घटकेसाठी दुसरे काम आधीच योजून ठेवणे, असा हा क्रम असतो. समदुःखी मंडळींच्या ‘गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस’ या गटांची सुरुवात अमेरिकेत १९५७ मध्ये झाली. भारतातही त्यांच्या सभा भरतात.

कुटुंबाकडून सर्वांत अधिक चुका होतात त्या पैशांच्या बाबतीत. दागिने मोडून किंवा भविष्यनिर्वाह निधी काढून सारे कर्ज एकरकमी फेडले जाते, देवासमोर शपथ घेतली जाते आणि चार महिन्यांनी नवे कर्ज निघते. कर्ज फेडूच नये असे नव्हे. पण त्यापूर्वी पगाराचे खाते पत्नीच्या किंवा वडिलांच्या देखरेखीखाली यावे, यूपीआय बंद व्हावे किंवा त्याची मर्यादा अगदी खाली आणावी आणि सर्व कर्जांची एकच यादी, लपविलेल्या कर्जांसह, कागदावर उतरावी. ही यादी एका बैठकीत पूर्ण होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आणखी एखादे नाव पुढे येते आणि त्या वेळी घरात जे घडते त्यावर पुढील कबुली अवलंबून असते. व्यवस्था रुग्णाच्या संमतीने झाली तरच टिकते. भ्रमणध्वनी हिसकावून घेतल्यास दुसरा मिळतोच.

घसरण झाली तरी उपचार वाया गेला असे समजण्याचे कारण नाही. तारखेआधी आलेल्या रुग्णास न रागावता, त्या दिवशी हाती पैसे कोठून आले एवढेच विचारून पुढील आखणी करता येते. पगार, बोनस, पिकाचे पैसे आणि क्रिकेटचे मोठे सामने हे दिवस जोखमीचे. म्हणून पुनर्भेटीची तारीख पगाराच्या आठवड्यातच मागून घ्यावी.