कोंबड्यांचे लंगडणे : कारणे आणि निदान

पक्षी लंगडू लागला की कुक्कुटपालकाचा पहिला उपाय बहुधा ठरलेला असतो. खाद्यात शिंपल्यांचा चुरा वाढविला जातो. हाडे अशक्त झाली, त्यांना चुना हवा, असा त्यामागील समज असतो. तो कधी बरोबर ठरतो, पण पुष्कळदा चुकतो. आणि चुकतो तेव्हा महिनोन् महिने खाद्य घालून वाढविलेल्या तलंगा ऐन अंड्यावर येण्याच्या वेळी हातच्या जातात. लंगडणे हा रोग नव्हे. परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक रोगांचे ते एक लक्षण आहे. नेमका रोग ओळखण्यासाठी प्रथम पक्ष्याचे वय पाहावे.

एक ते तीन आठवड्यांची पिल्ले बोटे आत मुडपून बसू लागली व पंखांच्या आधाराने सरकू लागली, तर खाद्यात रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्व कमी पडत असल्याचा संशय घ्यावा. वेळीच ते पुरविल्यास पिल्ले सुधारतात. विलंब झाल्यास मज्जातंतूंची हानी भरून येत नाही. याच वयात मुडदूसही दिसतो. त्यात चोच बोटांनी दाबली असता रबरासारखी वाकते. कॅल्शियम, स्फुरद किंवा ड-३ जीवनसत्त्व यांपैकी काहीतरी उणे पडलेले असते. अंगणात फिरणाऱ्या पिल्लांच्या शरीरात हे जीवनसत्त्व उन्हामुळे तयार होते. बंद शेडमधील पिल्लांना ते खाद्यातूनच मिळावयास हवे.

पिल्लाचा पाय बाजूला वळला आहे, पण हाडे मात्र कठीण आहेत, असे आढळल्यास प्रकरण निराळे असते. पायाचा मधला सांधा (लोक त्याला गुडघा म्हणतात, वस्तुतः तो घोटा होय) सुजून चपटा होतो आणि त्यामागील कंडरा आपल्या खाचेतून निसटते. मँगनीज किंवा कोलीन यांची उणीव हे याचे एक प्रमुख कारण आहे. खाद्यात कॅल्शियम व स्फुरद यांचे प्रमाण फाजील झाल्यास मँगनीजचे शोषण घटते. म्हणजे अशा पिल्लांना शिंपले वाढवून देणे हे दुखण्यात भर घालण्यासारखेच होय. वाढत्या तलंगांना अंड्यावरील कोंबड्यांचे चुनायुक्त खाद्य दिल्याने मूत्रपिंडेही बिघडतात. एकदा निसटलेली कंडरा सहसा जागेवर येत नाही; मात्र खाद्य सुधारल्यास उरलेली पिल्ले वाचतात.

सर्वांत मोठा घात करणारा रोग मॅरेक हा होय. हंगेरीतील पशुवैद्यक योझेफ मॅरेक यांनी 1907 मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. सहा आठवड्यांपुढील तलंगांमध्ये, विशेषतः अंड्यावर येण्याच्या सुमारास, तो दिसतो. एक पाय पुढे व दुसरा मागे ताणून पडलेली तलंग ही त्याची ओळखीची खूण. कधी पंख लोंबतो, कधी डोळ्याचे बुबुळ करडे होते. शवविच्छेदनात एका मांडीतील मज्जातंतू दुसरीतील तंतूपेक्षा जाड व पिवळसर आढळतो. हा विषाणुजन्य रोग असून त्यावर औषध नाही. पिसांच्या कोंड्यातून व धुळीतून पसरणारा विषाणू शेडमध्ये अनेक महिने टिकतो. पिल्लू अंड्यातून बाहेर येताच उबवणी केंद्रातच लस टोचणे हाच त्यावरील खरा उपाय. तथापि, लशीचा प्रभाव निर्माण होण्यास काही दिवस लागतात. तेवढ्या अवधीत पिल्ले जुन्या गादीवर किंवा मोठ्या कोंबड्यांशेजारी ठेवली, तर लस टोचूनही रोग येऊ शकतो. पिल्ले विकत घेताना लस टोचल्याची खात्री करणारे पालक पुष्कळ असतात. शेड रिकामी करून जुनी गादी काढून टाकणारे मात्र थोडे.

शिंपल्यांचा उपाय खऱ्या अर्थाने लागू पडतो तो पिंजऱ्यातील अंडी देणाऱ्या कोंबडीस. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. ते खाद्यातून न मिळाल्यास कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते व एके दिवशी पिंजऱ्यातच खाली बसते. तिला बाहेर जमिनीवर ठेवून शिंपले दिल्यास ती अनेकदा उभी राहते. वजनदार पक्ष्यांच्या तळव्यास जखम होऊन गाठ येते, त्यामागे ओली गादी किंवा खडबडीत बसावयाची दांडी असते. नडगीवरील खवले उचलले जाऊन पाय जाड झाल्यास ते सूक्ष्म किडींचे काम समजावे.

मान वाकडी होणे, धाप लागणे व हिरवी हगवण या खुणा सोबत असतील तर मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाकडे लक्ष द्यावे. एकाएकी पुष्कळ पक्षी मरू लागल्यास एकही पक्षी घरी कापू नये. 2006 मध्ये नवापूर येथे बर्ड फ्लू आल्यापासून ही दक्षता आवश्यक ठरली आहे. अशा वेळी पक्षी हलवू नयेत व पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. एरवी केवळ लंगडणारे दोन-तीन पक्षी जिवंतपणीच दवाखान्यात तपासणीस न्यावेत आणि सोबत पिल्ले अंड्यातून बाहेर आल्याची तारीख, टोचलेल्या लशी व चालू खाद्याचा मूठभर नमुना द्यावा.