ऱ्हस्व-दीर्घाचा विवेक

'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे दरिद्री. कोणी 'स्वातंत्र्यदिन' हा शब्द 'स्वातंत्र्यदीन' असा लिहिला, तर उत्सवास केवढे दैन्य प्राप्त होईल! तथापि हे दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहा. कानास भेद फारसा जाणवत नाही. इंग्रजीत 'शिप' म्हणजे जहाज व 'शीप' म्हणजे मेंढरू, हे ऐकताच कळते. मराठीत मात्र बोलताना शब्दाचा अन्त्य अकार लोपतो व त्यामागील इकार किंवा उकार लांबतो. म्हणून येथे केवळ कानावर विसंबून चालत नाही.

मग भेद ओळखावा कसा? प्रथम शब्दाचे कूळ पाहावे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले अकारान्त शब्द मूळचे ऱ्हस्व-दीर्घ राखतात: सुत (पुत्र), पिक (कोकिळ), शिर (मस्तक). मराठी अकारान्त शब्दांत उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहितात: सूत (धागा), पीक (शेतातील), शीर (रक्तवाहिनी).

दुसरी कसोटी विभक्तीची. प्रत्यय लागताच मराठी शब्दातील हा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो: पीक-पिकाला, शीर-शिरेतून. संस्कृत 'दीन' मात्र 'दीनांना' असा दीर्घच राहतो. १९६२ साली मान्य झालेल्या लेखननियमांतही हाच विवेक आहे.

पालकांनीही मुलांकडून नित्य चार ओळी शुद्धलेखन करवून घ्यावे. हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा नव्हे. बोलणाऱ्याचा हेतू त्याच्या मुद्रेवरून कळतो. लिहिणाऱ्याच्या वतीने बोलावयास मात्र कागदावरील अक्षरांवाचून दुसरे कोणीही नसते.