नाताळच्या जेवणांतलीं तोंडीलावणीं

मराठी घरांत पान वाढण्याची रीत ठरलेली आहे. वर मध्यभागीं मीठ. डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि लोणचें. उजव्या हाताला भाज्या व आमटी. आणि मध्यें भाताची मूद. डाव्या बाजूचे पदार्थ बोटभर वाढावयाचे, परंतु त्यांच्यावांचून पान पुरें झालें असें कोणी म्हणत नाहीं. इंग्लंडांतील नाताळच्या जेवणाची गोष्ट निघाली म्हणजे मात्र आपण ही दृष्टि विसरतों, आणि टेबलाच्या मध्यभागीं ठेवलेल्या भाजलेल्या पक्ष्याकडेच पाहत राहतों. त्या पक्ष्याच्या भोंवतीं जीं दहा-बारा लहान भांडीं मांडलेलीं असतात, त्यांचा विचार या लेखांत करावयाचा आहे. आमच्या मतें जेवणाचा खरा इतिहास त्या लहान भांड्यांतच आहे.

प्रथम चार्ल्स डिकन्स याच्या 'ए ख्रिसमस कॅरल' या पुस्तकाकडे वळूं. हें पुस्तक १८४३ सालच्या डिसेंबरांत प्रसिद्ध झालें. त्यांतील बॉब क्रॅचिट हा गरीब कारकून. त्याच्या घरीं नाताळच्या दिवशीं एक गूज, म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी, आणलेला असतो. घरांत तो भाजण्याजोगी भट्टी नाहीं, म्हणून तो पाववाल्याच्या भट्टींत भाजून आणतात. त्या काळीं पुष्कळ गरीब कुटुंबें असेंच करीत. खाणारीं माणसें पुष्कळ आणि पक्षी एकच. तरीहि सर्वांचें पोट भरतें. तें कसें? डिकन्सनें याचें उत्तर स्पष्ट दिलें आहे. सफरचंदाची चटणी आणि कुस्करलेले बटाटे यांची जोड मिळाल्यामुळें तो पक्षी सर्वांना पुरला. शिवाय हीं तोंडीलावणीं कोणी केलीं तेंहि पाहण्यासारखें आहे. आई मांसाच्या रसाची ग्रेव्ही कढत करते, पीटर जोर लावून बटाटे कुस्करतो, बेलिंडा सफरचंदाच्या चटणींत साखर घालते, मार्था ताटल्या पुसते. पक्षी भाजणें हें पाववाल्याचें काम. तोंडीलावणीं हें मुलांचें काम. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं सणाच्या दिवशीं आईजवळ बसून खोबरें खवलें आहे किंवा पुरण वाटलें आहे, त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाहीं.

आतां बटाट्याकडे वळूं. आज इंग्लंडांत नाताळच्या जेवणांत भाजलेला बटाटा नसला तर मुलें रुसतात. तो करण्याची कृति सोपी आहे, पण तिच्यांत एक युक्ति आहे. बटाटे सोलून, मोठे तुकडे करून, मिठाच्या पाण्यांत अर्धेकच्चे उकडावयाचे. पाणी काढून टाकल्यावर भांड्यावर झांकण ठेवून तें जरा हालवावयाचें. त्यामुळें तुकड्यांच्या कडा खरबरीत होतात. नंतर ते कडकडीत तापलेल्या चरबींत किंवा तेलांत टाकून भट्टींत ठेवावयाचे. खरबरीत कडांचा पृष्ठभाग अधिक असल्यामुळें तेथें तेल अधिक शिरतें, पाणी लौकर उडून जातें आणि वर तांबूस कुरकुरीत कवच येतें. आंतला भाग मात्र कापसासारखा मऊ राहतो.

हा बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताचा. सोळाव्या शतकांत स्पेनच्या लोकांनीं तो युरोपांत नेला. आणि आपल्याकडे तो पोर्तुगीजांचें नांव घेऊन आला, कारण 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीज आहे. पाव हा शब्दहि त्यांचाच. परंतु ज्या बटाट्याला श्रीमंताच्या टेबलावर तोंडीलावण्याचें स्थान मिळालें, तोच शेजारच्या आयर्लंडांत गरिबांचें संपूर्ण जेवण होऊन बसला. तेथील मजूर दिवसाला दहा-बारा पौंड बटाटे खाई. बरोबर ताक असलें तर असे. 'ख्रिसमस कॅरल' प्रसिद्ध झाल्यावर दोनच वर्षांनीं, १८४५ सालीं, त्या पिकावर एक रोग पडला. बटाट्याचीं पानें काळीं पडत आणि जमिनींतले बटाटे कुजून त्यांचा चिखल होई. हा रोग पुढें काहीं वर्षें पुनः पुनः येत राहिला. सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व तिच्यामागून आलेल्या तापांनीं मेलीं, आणि निदान तितकींच देश सोडून गेलीं. धान्याचीं जहाजें मात्र त्याच काळांत आयर्लंडच्या बंदरांतून इंग्लंडकडे जातच होतीं. एकाच्या ताटांतला कोपऱ्यांतला घांस दुसऱ्याच्या घरीं सारें ताटच असूं शकतो, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकांतील पिकांच्या याद्यांवरून कळत नाहीं. म्हणून ती येथें मुद्दाम सांगितली.

बटाट्याच्या खालोखाल मान ब्रसेल्स स्प्राउट्सचा, निदान मोठ्या माणसांच्या मतें. हे बोराएवढे किंवा जरा मोठे इवले कोबी. बेल्जमच्या राजधानीच्या आसपास यांची लागवड फार दिवसांची, म्हणून तें नांव. हातभर उंच दांड्यावर प्रत्येक पानाच्या बगलेंत एकेक गड्डा फुटतो. इंग्रजी स्वयंपाकाच्या पुस्तकांत यांची कृति एलायझा ॲक्टन या बाईंनीं १८४५ सालीं दिली. विद्यार्थ्यांनीं येथें वनस्पतिशास्त्रांतील एक चमत्कार लक्षांत ठेवावा: कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि हे स्प्राउट्स या सर्व एकाच जातीच्या वनस्पति आहेत. मनुष्यानें पिढ्यानुपिढ्या बीं निवडतांना कोठें पानांचा गड्डा मोठा केला, कोठें फूल, कोठें खोड आणि कोठें बगलेंतले कोंब.

परंतु मुलांना स्प्राउट्स आवडत नाहींत. इंग्लंडांत यावर दर नाताळांत विनोद होतात, आणि पालक मुलांवर रागावतात. या बाबतींत मुलांचा पक्ष घेणें आम्हांला कर्तव्य वाटतें, कारण शास्त्र त्यांच्या बाजूचें आहे. या भाजींत गंधकयुक्त कडवट द्रव्यें असतात. त्यांतील एक तर मोहरींतहि असतें. भाजी चिरली किंवा चावली कीं तीं द्रव्यें फुटून झणझणीतपणा व कडवटपणा येतो. तो सर्वांना सारखा लागत नाहीं. १९३१ सालीं आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत एका पदार्थाची पूड हवेंत उडाली. जवळच्या सहकाऱ्याचें तोंड कडू झालें, पण खुद्द फॉक्सला कांहींच लागलें नाहीं. या शोधाचा माग काढतां काढतां २००३ सालीं त्यास कारण असणारा आनुवंशिक घटकच सांपडला. त्या पदार्थाची आणि स्प्राउट्समधील द्रव्यांची रासायनिक घडण मिळतीजुळती आहे. तेव्हां एकाच पंक्तींत बसलेल्या बापाला जी भाजी गोडसर लागते, तीच मुलाला खरोखरीच कडू लागत असेल. त्याला हट्टी म्हणण्यापूर्वीं आई-बापांनीं हें ध्यानांत घ्यावें. शिवाय ही भाजी फार वेळ उकडली तर गंधकाचा उग्र वास सुटतो, आणि जुन्या इंग्रज स्वयंपाकिणी ती फार वेळ उकडीत. तोहि दोष मुलांचा नव्हे. सुदैवानें १९९० नंतरच्या दशकांत हॉलंडमधील संशोधकांनीं कडवटपणाचीं मुख्य द्रव्यें नक्की केलीं, आणि बियाणें करणाऱ्यांनीं जुन्या, कमी कडू वाणांशीं संकर करून नवे वाण काढले. आजचे स्प्राउट्स आजोबांच्या वेळेइतके कडू नाहींत.

पार्सनिप हें गाजराच्या कुळांतलें पांढुरकें मूळ. त्याच्याविषयीं एवढेंच सांगतों कीं थंडी कडक पडून जमीन गोठली म्हणजे त्याच्यांतील पिष्टाची साखर होते. म्हणून शेतकरी तें पहिल्या हिंवानंतरच उपटणें पसंत करतात. साखर महाग होती तेव्हां युरोपांत गोडीसाठींहि तें वापरीत.

आतां पावाची चटणी. इंग्रजींत तिला ब्रेड सॉस म्हणतात. दिसावयास ती खळीसारखी दिसते, हें आम्ही लपवीत नाहीं. पण तिची कृति ऐकावी. एका सोललेल्या कांद्यांत पांच-सहा लवंगा टोंचावयाच्या, तो कांदा दुधांत सोडून दूध मंद आंचेवर सुवासिक होऊं द्यावयाचें, नंतर कांदा काढून त्यांत शिळ्या पावाचा चुरा मिसळावयाचा; शेवटीं मीठ, थोडें जायफळ आणि लोणी. पिठानें रस दाट करण्याची रीत रूढ होण्यापूर्वीं मध्ययुगांतील स्वयंपाकी पावाच्या चुऱ्यानेंच तो दाट करीत. त्या रीतीचा हा शेवटचा वंशज आज नाताळच्या टेबलावर उरला आहे. त्यांतील लवंग आणि जायफळ हीं दोन्ही एके काळीं केवळ मलुकू बेटांतून येत. ज्या मसाल्यांसाठीं पोर्तुगीज, डच आणि इंग्रज एकमेकांशीं लढले, तेच मसाले दुधापावाच्या या साध्या वाटींत निमूटपणें बसलेले आहेत.

पावाचें दुसरें रूप म्हणजे सारण: पावाचा चुरा, कांदा आणि सेज नांवाचा सुगंधी पाला. पूर्वीं तें पक्ष्याच्या पोटांत भरून भाजीत. अलीकडे तें वेगळ्या भांड्यांत भाजावें असें सांगतात, कारण पोटांतलें सारण पुरतें तापण्यापूर्वींच बाहेरचें मांस कोरडें होतें, आणि अर्धवट तापलेल्या सारणांत रोगजंतु जिवंत राहतात. मांसाचा रस टिपून घेण्यासाठीं पिठूळ पदार्थ जवळ असावा, ही गरज मात्र सर्व देशांत सारखीच आहे. गोमंतकांतील ख्रिस्ती घरांत नाताळला सोरपोतेलबरोबर सान्नां असतात, म्हणजे तांदूळ व नारळ वाटून माडाच्या सुरेनें आंबवून वाफवलेल्या वड्या. आणि मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन घरांत फुगे तळतात. एका ठिकाणीं पाव, दुसऱ्या ठिकाणीं तांदूळ, काम एकच.

टर्की हा पक्षी अमेरिकेचा, आणि त्याच्याबरोबरची तांबडी क्रॅनबेरीची चटणीहि अमेरिकेचीच. क्रॅनबेरी हें दलदलींत वाढणाऱ्या बुटक्या वेलीसारख्या झुडपाचें फळ. फळाच्या आंत हवेच्या चार पोकळ्या असतात. म्हणून कापणीच्या वेळीं शेतांत पाणी सोडलें कीं फळें तरंगूं लागतात आणि पाण्यावर तांबडा गालिचा पसरल्यासारखें दिसतें. चवीला तें इतकें आंबट कीं आपल्या करवंदाची आठवण व्हावी. साखर घालून उकळलें कीं सालें फटफट फुटतात, आणि निवतांना त्यांतील पेक्टिनमुळें चटणी आपोआप थिजते. टर्कीचें मांस मुळांत मिळमिळीत. आंबटाची जोड नसेल तर चार घांसांनंतर कंटाळा येतो. लोणच्याचें कामहि याहून निराळें नाहीं.

एवढे सारे पदार्थ एकाच वेळीं गरम कसे वाढावयाचे, हें त्या घरच्या गृहिणीचें गणित. भट्टी बहुधा एकच. टर्कीला तीन-चार तास लागतात. ती बाहेर काढल्यावर लगेच कापीत नाहींत. अर्धा-पाऊण तास झांकून ठेवतात, म्हणजे रस मांसांत मुरतो. तेवढ्या अवधींत भट्टी मोकळी होते आणि तिची आंच वाढवून बटाटे व पार्सनिप तांबूस करून घेतां येतात. त्याच वेळीं टर्कीच्या तबकांत उरलेल्या रसांत थोडें पीठ आणि भाज्या उकडलेलें पाणी घालून ग्रेव्ही होते. स्प्राउट्स अगदीं शेवटीं. १९३२ सालापासून राजाचें नाताळचें भाषण रेडिओवर होऊं लागलें, आणि तें दुपारीं तीनला ठरल्यापासून पुष्कळ घरांत सारें गणित त्या तीनच्या ठोक्यावरून उलटें मांडतात.

दुसऱ्या महायुद्धांत या गणितांतील मुख्य आंकडाच नाहींसा झाला. १९४० च्या जानेवारींत लोणी, बेकन आणि साखर यांचें, आणि मार्चांत मांसाचें नियंत्रण आलें. टर्की मिळणें दुरापास्त झालें. बटाट्यांवर मात्र युद्धकाळांत नियंत्रण नव्हतें. उलट ते अधिक खावे म्हणून सरकारच जाहिराती करी. तेव्हां 'खोटा गूज' निघाला: बटाटे, सफरचंद आणि थोडें चीज यांचे थर, वर सेजचा पाला, आणि तें सारें भाजलेलें. क्रॅचिटांच्या घरीं जीं तोंडीलावणीं पक्ष्याला पुरवठा म्हणून होतीं, तींच आतां पक्ष्याच्या गादीवर बसलीं. कांद्याची टंचाई तर इतकी झाली कीं सोडतींत बक्षीस म्हणून एखादा कांदा ठेवीत, कारण ब्रिटनीहून व चॅनेल बेटांतून येणारा कांदा शत्रूनें तीं ठिकाणें घेतल्यामुळें बंद पडला होता. युद्ध संपल्यावरहि सुटका झाली नाहीं. १९४६ ते १९४८ पावावरसुद्धां नियंत्रण होतें, म्हणजे पावाची चटणी करावयाची तर रोजच्या वांट्यांतून. आणि सर्व नियंत्रणें उठावयास १९५४ चा जुलै उजाडला.

राहिला दुसरा दिवस. २६ डिसेंबरला सकाळीं उरलेले बटाटे, स्प्राउट्स, पार्सनिप सारें एकत्र कुस्करून तव्यावर परततात, खालची बाजू खरपूस होऊं देतात आणि मग उलटतात. या पदार्थाचें नांव 'बबल अँड स्क्वीक'. परततांना होणाऱ्या बुडबुड्यांवरून आणि चिरचिर आवाजावरून तें पडलें. पूर्वीं यांत गोमांसाचे तुकडे असत. आतां बहुतेक ठिकाणीं भाज्याच असतात. आणि आदल्या दिवशीं ज्या मुलानें स्प्राउट्स ताटाच्या कडेला सारले होते, तोहि हा पदार्थ दोनदां मागून घेतो.